टकरीचा ताळा

रेडिओवर भौतिकशास्त्र सांगायचे म्हणजे एक पंचाईत असते. फळा नाही, खडू नाही, आकृती काढून दाखवायची सोय नाही. म्हणून सुरुवातीलाच एक विनंती. कॅरमचा बोर्ड डोळ्यांसमोर आणा. पावडर टाकलेली आहे, मधोमध एकच सोंगटी ठेवली आहे आणि तुमच्या बोटासमोर स्ट्रायकर आहे. आजचे सगळे बोलणे या एवढ्या सामानावर भागेल. शेवटी मात्र आपल्याला जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या दुर्बिणीपर्यंत जायचे आहे आणि तिथून पुढे बरेच लांब.

माझा कॅरम मंचरचा. माझे मामा मूळ घोडेगावचे. मंचरच्या बाजारात एका कांदा-बटाट्याच्या अडतीवर ते दिवाणजी होते. पावसाळ्यात संध्याकाळी पेढी बंद झाली की गणेश मंडळाच्या खोलीत बोर्ड मांडला जाई. मामा कधी वेळेवर येत, कधी तास-दीड तास उशिरा. उशीर झाला की समजायचे, आज ताळा लागला नाही. कीर्द आणि खतावणी जुळेपर्यंत ते उठत नसत. चार आण्यांचा फरक असला तरी बसून राहत. कुणी म्हटले, ‘जाऊ द्या हो, चार आणेच तर आहेत’, तर त्यांचे उत्तर ठरलेले असे: ‘अरे, पैसा कुठं जात नाही. कुठल्या तरी पानावर बसलेला असतो.’

मामांना भौतिकशास्त्र येत नव्हते. पण त्यांच्या या वाक्यात आजचा विषय आहे.

आता स्ट्रायकर मारू. स्ट्रायकरचे वजन नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १५ ग्रॅम, सोंगटीचे ५ ते साडेपाच ग्रॅम. हिशेब सोपा जावा म्हणून आपण १५ आणि ५ धरू. स्ट्रायकर सेकंदाला २ मीटर वेगाने निघाला आणि सोंगटीवर अगदी मधोमध, नाकासमोर आदळला. वजनाला वेगाने गुणले की जी रक्कम येते, तिला शाळेच्या पुस्तकात संवेग म्हणतात. टकरीआधी ती १५ गुणिले २, म्हणजे ३०. सोंगटी स्थिर, तिची शून्य. टकरीत काही वाया गेले नाही असे धरले, तर टकरीनंतर सोंगटी सेकंदाला ३ मीटरने पळते आणि स्ट्रायकर १ मीटरने तिच्या मागोमाग जातो. सोंगटीचे ५ गुणिले ३ म्हणजे १५, स्ट्रायकरचे १५ गुणिले १ म्हणजे १५. बेरीज ३०. ताळा लागला. सरळ मारलेल्या सोंगटीमागे स्ट्रायकरही पॉकेटात जाऊन बसतो आणि आपण कपाळाला हात लावतो, त्याचे कारणही हेच. जड वस्तू हलक्या वस्तूवर आदळली की थांबत नाही, पुढेच जाते.

पण कॅरम कुणी नाकासमोर खेळत नाही. खरा खेळ कटाचा. स्ट्रायकर सोंगटीच्या कडेला लागतो, सोंगटी डावीकडे जाते आणि स्ट्रायकर थोडा उजवीकडे वळतो. आता एका वहीने भागत नाही, दोन लागतात. एक पुढे जाण्याची आणि दुसरी बाजूला जाण्याची. पुढच्या वहीत आधी ३० होते, नंतरही दोघांचे मिळून ३० राहतात. बाजूच्या वहीत आधी शून्य होते, कारण स्ट्रायकर सरळ येत होता. नंतरही शून्यच हवे. सोंगटी डावीकडे सेकंदाला १.२ मीटरने सरकली असेल तर तिचे डावीकडचे ६ झाले. ते फेडायला स्ट्रायकरला उजवीकडे ६ द्यावेच लागतात, म्हणजे सेकंदाला ०.४ मीटरने सरकावे लागते. एका वहीतली तूट दुसऱ्या वहीतून भरून काढता येत नाही. प्रत्येकीचा ताळा वेगळा.

या दोन वह्यांतून एक गंमत निघते, ती तुम्ही घरी करून पाहा. स्थिर असलेल्या एका सोंगटीला तुम्ही जाड मारा, पातळ मारा, कसाही कट द्या, स्ट्रायकर आपल्या मूळ मार्गापासून सुमारे वीस अंशांपेक्षा जास्त वळत नाही. घड्याळात बारापासून एकपर्यंत ३० अंश होतात, त्याहूनही हे कमी. वजनाचे तीनास एक हे प्रमाण त्याला तेवढीच मुभा देते. वजने सारखी असती, म्हणजे सोंगटीनेच सोंगटी मारली असती, तर दोघी एकमेकींशी जवळजवळ काटकोन करून पांगल्या असत्या. म्हणजे दोन वस्तू कुठे गेल्या हे पाहून त्यांच्या वजनांबद्दल काहीतरी कळते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर बरेच काही उभे राहणार आहे.

मामा एवढेच म्हणत: ‘सोंगटी डावीकडं गेली ना, मग स्ट्रायकर उजवीकडं जाणारच. त्याला दुसरा रस्ताच नाही.’ मंचरच्या खोलीत बसणाऱ्या कुणालाही हे पटले असते. युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांना मात्र ते पटायला बराच काळ लागला.

फ्रान्सचा रेने देकार्त हा साधा माणूस नव्हता. आलेखावर क्ष आणि य मांडून भूमिती करण्याची रीत आपण त्याच्या नावाने ओळखतो. १६४४ मध्ये त्याने तत्त्वज्ञानाचा एक ग्रंथ छापला आणि त्यात टकरींचे सात नियम दिले. त्याचे मूळ म्हणणे होते की, देवाने सृष्टी निर्माण करताना तिच्यात गतीचा एक ठरावीक साठा घातला आहे आणि तो कमी-जास्त होत नाही. कल्पना मोठी होती, आणि निम्मी बरोबरही. पण साठा मोजताना त्याने वस्तूचा आकार आणि वेग यांचा गुणाकार केला व दिशा सोडून दिली. डावीकडचे सहा आणि उजवीकडचे सहा मिळून त्याच्या वहीत बारा होत, शून्य नव्हे. जमा आणि नावे एकाच रकान्यात लिहिणाऱ्या कारकुनासारखे झाले म्हणा ना.

मग व्हायचे तेच झाले. सातांतले बहुतेक नियम चुकले. त्याचा चौथा नियम सांगतो की, लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला कितीही जोरात धडकली तरी मोठी वस्तू हलणार नाही. आपल्या बोर्डावर स्ट्रायकर मधे ठेवून त्याच्यावर सोंगटी मारली, तर स्ट्रायकरने जागचे हलू नये असा याचा अर्थ. पाचवीतला मुलगाही हे खोटे पाडेल. देकार्तला हे दिसत नव्हते असे नाही. अनुभव उलटा दिसतो हे त्याने मान्य केले, पण त्याचा दोष वस्तूंभोवतीच्या इतर पदार्थांवर टाकला. हुशार माणसाची चूक ही अशी असते. ती सहजासहजी हाती लागत नाही, कारण तिच्यासाठी त्याने सबबही आधीच तयार ठेवलेली असते.

चूक कुठे आहे ते पाहायला मातीचे दोन ओले गोळे पुरतात. सारख्या वजनाचे गोळे सारख्या वेगाने समोरासमोर येऊन चिकटले आणि जागच्या जागी थांबले. देकार्तच्या वहीत आधी भरपूर गती होती, नंतर काहीच नाही. साठा गेला कुठे? दिशा धरून मोजले तर प्रश्नच उरत नाही. एकाचे अधिक, दुसऱ्याचे उणे, आधीही शून्य आणि नंतरही शून्य.

१६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ठरवले की, टकरींचे हे प्रकरण एकदाचे निकालात काढायचे. तिघांकडून उत्तरे आली. पहिला जॉन वॉलिस, गणिती. त्याने एका दिशेला अधिक आणि उलट दिशेला उणे चिन्ह देऊन हिशेब मांडला आणि चिकटून जाणाऱ्या, न उसळणाऱ्या वस्तूंचा निकाल लावला. दुसरा ख्रिस्तोफर रेन. लंडन शहर १६६६ च्या आगीत जळाले होते, ते पुन्हा उभारण्याच्या कामात तो होता आणि पुढे सेंट पॉलचे कॅथेड्रल त्यानेच बांधले. त्याने दोरीला गोळे टांगून ते एकमेकांवर आपटून पाहिले होते. तिसरा हॉलंडचा ख्रिस्तियान ह्यूजेन्स. त्याला हे उत्तर दहा-बारा वर्षांपूर्वीच सापडले होते, पण त्याने ते छापले नव्हते. सोसायटीने १६६९ च्या सुरुवातीला वॉलिस आणि रेन यांचे लेख छापले, ह्यूजेन्सचा मात्र राहून गेला. त्याला राग आला आणि त्याने मार्चमध्ये आपले नियम पॅरिसच्या नियतकालिकात छापून टाकले. त्याचे या विषयावरचे पुस्तक तर त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७०३ मध्ये बाहेर आले.

तिघांत मला ह्यूजेन्स सर्वांत आवडतो, तो त्याच्या नावेमुळे. हॉलंडात कालवेच कालवे. काठाकाठाने संथपणे जाणाऱ्या नावेत एक माणूस उभा आहे. त्याच्या दोन्ही हातांत दोऱ्यांना टांगलेले सारखे गोळे आहेत. तो ते सारख्या वेगाने एकमेकांवर आपटतो आणि ते सारख्याच वेगाने मागे उसळतात. यात नवल नाही. पण काठावरच्या माणसाला काय दिसते? नाव जर गोळ्याच्याच वेगाने जात असेल, तर काठावरून पाहणाऱ्याला एक गोळा स्थिर दिसतो आणि दुसरा दुप्पट वेगाने येऊन त्याला धडकताना दिसतो. टकरीनंतर येणारा थांबतो आणि स्थिर असलेला त्याच दुप्पट वेगाने निघून जातो. टक्कर एकच, पाहणारे दोन. म्हणजे एका साध्या टकरीचे उत्तर माहीत असेल, तर फक्त काठावर उतरून दुसऱ्या टकरीचे उत्तर मिळते. नारायणगाव ते मंचर धावणाऱ्या एस.टी.त बसून हातातली लिंबे एकमेकांवर आपटणारा आणि रस्त्याकडेला उभा राहून ते पाहणारा, असे समजा. दोघांच्या वह्यांतल्या रकमा वेगळ्या, पण ताळा दोघांचाही लागतो.

हे युरोपात चालले होते, तेव्हा इकडे जुन्नर मोगलांच्या ताब्यात होते. शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो शिवनेरीही. १६७५ मध्ये जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर घाट चढून जुन्नरला आला, शिवनेरी पाहून गेला आणि १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने ते लिहून ठेवले. १६९७ मध्ये हाच फ्रायर रॉयल सोसायटीवर निवडला गेला, टकरींचा निकाल लावणाऱ्या त्याच सोसायटीवर. त्याच्या येण्याने जुन्नरला संवेग कळला असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण ज्या पिढीने तिकडे गोळे टांगून आपटले, त्या पिढीतला एक माणूस या डोंगरांत फिरून गेला, हे शिवनेरीच्या पायऱ्या चढताना मला आठवते एवढेच.

न्यूटनचा मोठा ग्रंथ १६८७ चा. त्यात तो या तिघांची नावे घेतो आणि मग स्वतः केलेले प्रयोग सांगतो. दहा फुटी दोऱ्यांना गोळे टांगले, हवेमुळे होणारी घट वेगळी काढली आणि लोकर, पोलाद, बूच, काच असे निरनिराळ्या पदार्थांचे गोळे आपटले. काचेचे गोळे जवळ आले त्याच्या १६ भागांपैकी १५ भाग वेगाने दूर गेले. गच्च बांधलेल्या लोकरीचे ९ पैकी फक्त ५. उसळी प्रत्येकाची वेगळी आली. पण दिशा धरून केलेली संवेगाची बेरीज प्रत्येक वेळी जुळली. टकरीत आवाज होतो, उष्णता होते, वस्तू चेपते, फुटते. उसळीतला काही भाग कायमचा जातो. संवेगातले काही जात नाही. एकाने गमावलेले दुसऱ्याच्या पानावर बसलेले असते.

यापुढची अडीचशे वर्षे मी उडी मारून ओलांडतो, कारण या नियमाचा सर्वांत धाडसी उपयोग १९३२ मध्ये झाला. तोवर नियम दिसणाऱ्या वस्तूंचा हिशेब लावत होता. आता न दिसणारी वस्तू त्याने शोधून काढली.

झाले असे की बेरिलियम या धातूवर किरणोत्सारी कणांचा मारा केला की त्यातून काहीतरी बाहेर पडे. त्याला विद्युतभार नव्हता, त्यामुळे त्याचा मागही उमटत नसे. ते मेणाच्या वडीवर पडले की मेणातले हायड्रोजनचे कण मात्र जोरात बाहेर फेकले जात. पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी या दांपत्याला वाटले, हा एक प्रकारचा प्रकाशच असावा. केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविकला हे पटेना. प्रकाशाच्या धक्क्याने इतका जड कण इतक्या वेगाने उडत नाही, ताळा लागत नाही.

त्याने काय केले ते आपल्या बोर्डावर सांगतो. समजा खोलीत अंधार आहे, स्ट्रायकर दिसत नाही. फक्त मार खाऊन पळणारी सोंगटी दिसते. तिच्या एकटीच्या वेगावरून काही कळणार नाही; हलका स्ट्रायकर जोरात आला की जड स्ट्रायकर सावकाश आला, कोण सांगणार? पण तोच स्ट्रायकर एकदा हलक्या सोंगटीवर आणि एकदा जड सोंगटीवर मारला, तर दोन वेगांची तुलना करता येते. चॅडविकने हायड्रोजन आणि त्याच्या चौदापट जड नायट्रोजन घेतला. हायड्रोजन सेकंदाला ३ कोटी ३० लाख मीटर वेगाने उडत होता आणि नायट्रोजन ४७ लाख मीटर वेगाने. म्हणजे सुमारे सातपट फरक. संवेग आणि ऊर्जा या दोन्हींचा हिशेब मांडला की अदृश्य स्ट्रायकरचे वजन हायड्रोजनच्या जवळपास, म्हणजे साधारण एक येते. अगदी बरोबर एक धरले तर फरक साडेसातपट यायला हवा होता. मोजमापातली कसर धरून तो जुळला. न्यूट्रॉन सापडला. चार आण्यांच्या फरकासाठी बसून राहणाऱ्या माणसालाच अशी वस्तू सापडते, असे मला चॅडविकचे वर्णन वाचताना वाटले होते.

आता खोडदला जाऊ. नारायणगावपासून पूर्वेला थोड्या अंतरावर, उसाच्या आणि टोमॅटोच्या शेतांच्या पलीकडे ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. एकूण ३०. त्यांतल्या १४ मध्यभागी साधारण एका चौरस किलोमीटरात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. स्वरूप २०२० मध्ये गेले. तुमच्या घरातला रेडिओ ज्या जातीच्या लहरी पकडतो त्याच जातीच्या लहरी ही दुर्बीण पकडते, पण इतक्या क्षीण की जवळपास कुठे मोबाईल वाजला तरी तिला तो ओरडल्यासारखा ऐकू येतो.

म्हणून या भागाने शांत राहायचे. दुर्बिणीच्या आसपास कारखान्यांवर, मोबाईलच्या मनोऱ्यांवर बंधने आहेत. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग आखतानाही तिचा प्रश्न पुढे आला. जुन्नर-आंबेगावच्या पारांवर यावर जे बोलले जाते ते मी ऐकले आहे आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. शांततेची किंमत इथली माणसे मोजतात. तेव्हा त्या शांततेत ऐकू काय आले, हे सर्वांत आधी त्यांना, त्यांच्या भाषेत सांगायला हवे होते. ते फारसे कुणी सांगितले नाही. दरवर्षी विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, दुर्बीण सर्वांसाठी खुली असते आणि शाळांच्या सहली येतात ते खरे. पण थाळ्या पाहणे वेगळे आणि थाळ्यांनी काय पाहिले ते कळणे वेगळे.

त्यांनी पाहिलेल्या गोष्टींपैकी एक टक्कर आहे.

आकाशात सरठ नावाचा एक छोटा तारकासमूह आहे. त्या दिशेला, पण त्या ताऱ्यांच्या कितीतरी मागे, दोनशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक समूह आहे. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे जग. अशा शेकडो दीर्घिका एकत्र बांधलेल्या असतात तो समूह. २०१० मध्ये रेनौट व्हान वीरेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात या समूहाची रेडिओ चित्रे छापली. हॉलंडमधली दुर्बीण, अमेरिकेतली दुर्बीण आणि आपली खोडदची दुर्बीण अशा तिघींची निरीक्षणे त्यात होती. समूहाच्या कडेला एक लांबलचक वाकडी रेघ दिसली, सुमारे ६५ लाख प्रकाशवर्षे लांब आणि त्या मानाने अगदी अरुंद. शास्त्रज्ञांनी तिचे नाव सॉसेज ठेवले. मला ती शेवग्याच्या शेंगेसारखी वाटते. आणि समूहाच्या दुसऱ्या बाजूला, बरोबर समोर, तशीच पण फिकी दुसरी रेघ होती.

हे दोन समूहांच्या टकरीचे वळ आहेत. दोन समूह सेकंदाला दोन हजारांहून अधिक किलोमीटरच्या वेगाने एकमेकांत घुसले. दीर्घिकांमधली अंतरे इतकी मोठी असतात की दीर्घिका एकमेकींना न लागता आरपार गेल्या. पण समूहात दीर्घिकांच्या मधल्या जागेत तापलेला विरळ वायू असतो, त्याची टक्कर झाली आणि त्यातून धक्क्याच्या लाटा दोन्ही बाजूंना निघाल्या. त्या लाटांच्या तोंडावर इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेतात, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. त्याच लहरी खोडदला येऊन पोचल्या.

पण रेघा दोन, आणि त्याही समोरासमोर का? टकरीचा जो मधला तोल असतो तिथे उभे राहून पाहिले तर दोघांचा मिळून संवेग शून्य असतो. नंतरही शून्यच राहायला हवा. एका बाजूला काही गेले तर दुसऱ्या बाजूला जावेच लागते. मामांचेच वाक्य: त्याला दुसरा रस्ताच नाही. आता उरला प्रश्न कटाचा. दोन समूह नाकासमोर धडकले की कडेने? आणि कोण किती जड? ही टक्कर आपण पाहिलेली नाही, फक्त तिच्यानंतरचे पांगणे दिसते. अंधाऱ्या खोलीतला बोर्डच हा.

२०११ मध्ये त्याच संशोधकांनी संगणकावर समूहांच्या कितीतरी टकरी घडवल्या. वजनांचे प्रमाण बदलून, कट बदलून, पाहण्याचा कोन बदलून. कोणत्या टकरीतून अशाच दोन रेघा उमटतात ते पाहिले. उत्तर आले की वजने सुमारे दोनास एक असावीत, दोघांच्या मध्यांमधला सरक फार तर १३ लाख प्रकाशवर्षांचा असावा, म्हणजे एवढ्या पसाऱ्याच्या मानाने जवळजवळ नाकासमोर, आणि टकरीला सुमारे १०० कोटी वर्षे झाली असावीत. पुढे २०१५ मध्ये दुसऱ्या रीतीने, मागच्या दीर्घिकांचा प्रकाश या समूहांच्या वजनामुळे किती वाकतो ते मोजून, पुन्हा वजने काढली गेली. तेव्हा दोघे जवळजवळ सारखेच निघाले. दोनास एक की सारखे, यावर पुढेही काम होत राहिले. ताळा पहिल्या खेपेला लागला नाही म्हणून वही कुणी फाडत नाही.

आणि या वजनांत डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांचा आणि वायूचा वाटा लहान आहे. बाकीचे काय आहे ते कुणालाच दिसलेले नाही. त्याला कृष्ण पदार्थ म्हणतात. अशाच दुसऱ्या एका टकरीत, गोळी समूह म्हणून ती ओळखली जाते, २००६ मध्ये असे मोजले गेले की वायू मधे अडकून मागे राहिला आहे आणि वजनाचा मोठा भाग मात्र आरपार पुढे निघून गेला आहे. दिसणाऱ्यांचा हिशेब लावला की न दिसणाऱ्याचे पान उघडे पडते, तसे.

इथे एक शंका यायला हवी. कॅरमच्या बोर्डावरचा नियम दोनशे कोटी प्रकाशवर्षांवर तसाच चालतो हे कशावरून? याचे उत्तर एमी नोदर या जर्मन गणितज्ञ बाईंनी १९१८ मध्ये दिले. अवकाश सगळीकडे सारखे असेल, म्हणजे तोच प्रयोग इथे केला काय आणि तिथे केला काय, नियम बदलत नसतील, तर संवेगाची बेरीज टिकून राहणे त्यातूनच निघते, असे त्यांचे गणित सांगते. पुढच्या दिशेला सारखेपणा म्हणून पुढची वही, बाजूच्या दिशेला सारखेपणा म्हणून बाजूची वही. मंचरची खोली आणि सरठ यांत नियमांच्या दृष्टीने भेद नसेल, तर ताळा दोन्हीकडे लागणारच.

काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला मी मामांना खोडदला घेऊन गेलो होतो. तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. दारात मोबाईल बंद करायला सांगितले, तो त्यांनी खिशातून काढून माझ्याकडून बंद करून घेतला. जुन्नर-आंबेगावच्या शाळांतली मुले आपापले प्रयोग टेबलांवर मांडून बसली होती. मामांनी थाळ्यांकडे बराच वेळ पाहिले. मग मी त्यांना सॉसेजची हकीकत सांगितली, जशी तुम्हाला सांगितली तशीच, स्ट्रायकर आणि सोंगटी घेऊन. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग आरपार गेलेले ते दोघं आता कुठं आहेत?’

मी म्हटले, दूर चालले आहेत, पण फार दूर जाणार नाहीत. एकमेकांच्या ओढीने त्यांचा वेग कमी होत जाईल, ते उलटे फिरतील आणि पुन्हा एकमेकांत घुसतील. असे काही वेळा होईल आणि शेवटी दोघांचा मिळून एकच समूह उरेल.

‘किती दिवस लागतील?’

काही अब्ज वर्षे, मी म्हटले.

मामांनी हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, ‘चल, मग आपण चहा घेऊ.’